काय राखावे, काय सोडावे? : ख्रिस्ती स्वत्व आणि भोवतालची संस्कृती

हुबळी आणि धारवाड यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर, दोन्ही शहरांच्या मध्ये, रायापूर वसले आहे. या परिसरातील ख्रिस्ती घरांत वावरणाऱ्या पाळकाला एक गोष्ट फार लवकर उमगते. घरात मराठी अथवा कोंकणी, बाजारात कन्नड, मुलांच्या शाळेत इंग्रजी, आणि उपासना मात्र ज्या मंडळीत नाव नोंदलेले असेल तिच्या भाषेत, असा येथील अनेक घरांचा परिपाठ आहे. बासेल मिशनचे कार्यकर्ते १८३७ साली धारवाडास व १८३९ साली हुबळीस आले आणि त्यांनी कन्नड मंडळ्यांचा पाया घातला. पुढे रेल्वेने माणसे आणली. बेळगाव-खानापूरकडून मराठी आणि गोवा-कारवारकडून कोंकणी बोलणारी कुटुंबे येथे स्थिरावली. १९५६ पर्यंत हा प्रदेश मुंबई राज्यात असल्यामुळे मराठीचाही येथे बराच वावर होता. अशा सरमिसळीच्या ठिकाणी ‘आपण कोण?’ हा प्रश्न पुस्तकात राहत नाही. तो लग्नाच्या मांडवात, कारखान्याच्या दारात आणि तहसील कचेरीच्या खिडकीपाशी उभा राहतो.

धर्मशिक्षक आमच्याकडे जे प्रश्न आणतात ते याच जातीचे असतात. आयुधपूजेच्या दिवशी यंत्रावर फूल वाहावे काय? मुलीच्या लग्नात हळद लावावी काय? बाप्तिस्म्याच्या वेळी ‘नारायण’ हे नाव बदललेच पाहिजे काय? सौंदत्तीच्या डोंगरावर भाऊबंदांबरोबर जाण्यास नकार दिला तर वाळीत पडण्याची पाळी येते, त्याला काय करावे? आणि सर्वांत कठीण, दबल्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न: शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि मंडळीच्या नोंदवहीत दुसरा, असे असलेल्या मनुष्यास प्रभुभोजन द्यावे की नाही?

या प्रश्नांना दोन सोपी उत्तरे दिली जातात. जे जे हिंदू शेजाऱ्याकडे दिसते ते ते टाकावे, हे एक. ही सर्व संस्कृती आहे, धर्म नव्हे, तेव्हा काहीच टाकण्याची गरज नाही, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत विचार करण्याचे कष्ट वाचतात, म्हणून ती लोकप्रिय आहेत. आमच्या मते आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात घोटाळा झाला तो निराळाच. जे निर्धास्तपणे राखता आले असते ते आपण टाकले, आणि जे पहिल्या दिवशीच टाकावयास हवे होते ते आजतागायत उराशी धरून ठेवले. भाषा, वेष, गाणे ही पहिल्या वर्गात मोडतात. जात ही दुसऱ्या वर्गात.

पवित्र शास्त्रात याविषयी मार्गदर्शन शोधताना आपण सहसा नवा करार उघडतो. परंतु दानीएलाच्या पुस्तकाकडे आधी वळावे, कारण परक्या राजवटीत अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या विश्वासणाऱ्याचे इतके बारकाईचे चित्र दुसरीकडे क्वचितच सापडते. दानीएल व त्याचे मित्र खास्दी लोकांची विद्या व भाषा शिकले. त्यांना नवी नावे देण्यात आली, आणि दानीएलाच्या बेल्टशस्सर या नव्या नावात बाबेलच्या दैवताचे नाव गुंफलेले होते, असे चौथ्या अध्यायात राजाच्याच तोंडून आले आहे (दानी. ४:८). दानीएलाने त्याविरुद्ध तक्रार केल्याची नोंद नाही. मात्र राजाच्या ताटातील अन्नाच्या बाबतीत त्याने रेघ ओढली (दानी. १:८), सोन्याच्या मूर्तीपुढे त्याचे मित्र वाकले नाहीत, आणि प्रार्थनेवर बंदी आली तेव्हा यरुशलेमेकडची खिडकी त्याने लावून घेतली नाही (दानी. ६:१०). ही शेवटची गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. खिडकी लावून प्रार्थना केली असती तर देवाने ऐकली नसती काय? निश्चित ऐकली असती. परंतु रोजची उघडी खिडकी भीतीपोटी एकाएकी बंद होणे, याचा बाबेलमध्ये एकच अर्थ झाला असता. दानीएलाचे लक्ष वस्तूवर नव्हते. ती वस्तू काय बोलते यावर होते.

नावाचा प्रश्न येथेच सुटतो. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातील सलामांची यादी वाचा. फिबी, हर्मेस, निरिय ही सर्व ग्रीक पुराणकथांतील नावे आहेत. अपुल्लोस आणि एपफ्रदीत ही नावे तर सरळ अपोलो व अफ्रोदिती या दैवतांवरून आलेली. पौलाने यांपैकी एकाचेही नाव बदलले नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तरी ते नारायणच राहिले. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या आणि १८५४ साली तेथेच बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनीही आपले नाव टाकले नाही. तेव्हा उमेदवार स्वतः नवे नाव मागत असेल तर आनंदाने द्यावे. पण ‘जॉन’ झाल्याने मनुष्य अधिक ख्रिस्ती होतो, ही समजूत धर्मशिक्षकाने पसरवू नये.

आता आपल्याच किनाऱ्यावरचा एक इतिहास पाहू. तो वाचकांपैकी बहुतेकांना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असेल. सलग मांडला म्हणजे त्याचा अर्थ कळतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यास आले. सासष्टीतील लोकांत राहून त्यांनी त्यांची भाषा आत्मसात केली, आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे, आणि गोव्यातील वाचकांना समजावा म्हणून त्यात तेथील बोलीची मिसळ आहे. छपाई रोमन लिपीत झाली, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. परंतु छंद ओवीचा, ग्रंथाचे नाव पुराणाचे आणि रीत श्रोत्यांपुढे वाचण्याची. नवख्रिस्ती लोकांनी पूर्वीची पुराणे सोडली होती आणि त्यांच्या जागी कानांना काही तरी हवे होते, ही गरज त्या परदेशी धर्मगुरूने ओळखली.

त्यानंतर वारा फिरला. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने असा हुकूम काढला की स्थानिकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावयास लागावे. आणि १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक फर्मान जारी केले. अ. का. प्रियोळकर यांनी इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ च्या ग्रंथात त्याचा परिचय करून दिला आहे. लग्नात ओव्या गाऊ नयेत, वधूवरांस हळद-तेल लावू नये, पुरुषांनी पुडवे आणि स्त्रियांनी चोळी वापरू नये, भात मिठावाचून शिजवू नये, अंगणात तुळस ठेवू नये. असलेली उपटून टाकावी. ज्या ओवीत १६१६ साली ख्रिस्ताचे चरित्र गाइले गेले, ती ओवी सव्वाशे वर्षांनंतर लग्नघरात गुन्हा ठरली. भातातील मिठावरून मनुष्याची श्रद्धा ओळखू पाहणारे ते न्यायासन होते!

परंतु आम्हांस अधिक विषाद वाटतो तो पुढील गोष्टीचा. एवढ्या बारीक नजरेने स्वयंपाकघर आणि अंगण तपासले गेले, आणि जात मात्र तशीच राहिली. बामण, चारडो, सुदिर हे भेद बाप्तिस्म्याचे पाणी ओलांडून चर्चमध्ये आले. कोणत्या धर्मबंधुसंघात कोणाला प्रवेश, मिरवणुकीत कोणता झगा कोणी घालावा, हेही अनेक ठिकाणी जातीवरून ठरत असे. तुळस उपटली गेली. जातीच्या मुळाला कोणी हात लावला नाही. तुळशीच्या रोपाने ख्रिस्ताच्या शरीराचे तुकडे होत नव्हते. जातीने होत होते. असे का घडले याचे उत्तर अवघड नाही. तुळस उपटावयास गरीब बाईचे अंगण पुरे होते. जात उपटावयाची तर प्रतिष्ठितांच्या घरात शिरावे लागले असते.

आणि फर्मानाचा परिणाम तरी काय झाला? लग्नातल्या ओव्या पुरत्या थांबल्या नाहीत. हळदीच्या जागी नारळाचा रस आला आणि ‘रोस’ हा विधी गोवा-मंगळूरच्या ख्रिस्ती लग्नांत आजही होतो. मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ख्रिस्तपुराण बरोबर नेले. १७८४ साली टिपू सुलतानाने त्यांना श्रीरंगपट्टणास कैदेत नेले तेव्हा, धर्मगुरू नसताना, या पुराणाने त्यांच्या श्रद्धेला आधार दिला, असे त्या समाजात सांगितले जाते. १९०७ साली मंगळुरातच या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, हेही आकस्मिक नव्हे. स्वत्व राखण्यास जे उपयोगी पडले ते मातृभाषेतील ख्रिस्तकथन होते. पोशाखाचे नियम नव्हते.

प्रॉटेस्टंट वाचकांनी येथे समाधानाचा सुस्कारा टाकण्याचे कारण नाही. आपल्याकडे फर्माने निघाली नाहीत, पण मिशनच्या आवारातील वातावरणाने पुष्कळदा तेच काम केले. पंडिता रमाबाईंचा अनुभव बोलका आहे. सह्याद्रीतील गंगामूळ येथे, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, १८५८ साली त्यांचा जन्म झाला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. तेथील धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे त्या विचारतात. अन्नाच्या बाबतीत आपली शाकाहाराची रीत त्यांनी सोडली नाही. धर्मभगिनींना यात अहंकार आणि जुन्या जातीचा अवशेष दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे की ख्रिस्ताला शरण गेल्याने आपण इंग्रज होण्यास बांधल्या गेलो नाही. पण याच रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले, १९२२ साली मृत्यूपूर्वी ते पूर्ण केले, आणि त्यात हिंदू धर्मविचाराची छाया असलेले शब्द टाळण्याकडे त्यांचा कटाक्ष होता. तो कटाक्ष प्रत्येक ठिकाणी साधला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु भाजीभाकरीच्या बाबतीत मोकळेपणा आणि उपासनेच्या शब्दांबाबत काटेकोरपणा हा क्रम दानीएलाच्या क्रमाशी मिळताजुळता आहे.

टिळकांच्या कार्याविषयी लिहावयाचे तर स्वतंत्र लेख हवा. भजन व कीर्तन यांना मराठी मंडळीत जे स्थान मिळाले त्याचे श्रेय त्यांना, आणि त्यांच्यापूर्वी हा मार्ग चोखाळणाऱ्या कृष्णराव सांगळ्यांना आहे. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत असा त्यांचा संकल्प होता. या शेवटच्या मुद्द्यावर आम्ही टिळकांबरोबर जाऊ शकत नाही. बाप्तिस्मा ही दानीएलाची उघडी खिडकी आहे. ती नसली तरी देव ऐकतो, पण शेजारी काय समजतो याचाही विचार करावा लागतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मात्र निर्विवाद आहे, आणि धर्मशिक्षकाने बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गात ते आवर्जून सांगावे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळे पाळून. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी लिहिले आहे की विचार करता करता त्यांना जातिभेद हा माणसांचा खेळ वाटू लागला, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपण तयार आहो असे त्यांनी ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी जात गेली, मग बाप्तिस्मा आला. आणि साडी, मराठी, ओवी, तिखट विनोद हे सर्व शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिले. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले. काय सोडावे आणि काय राखावे हे त्यांना कोणत्याही धर्मशास्त्रीय विद्यालयात न जाता नेमके कळले होते.

आता कारखान्याच्या दारात येऊ. हुबळीचा रेल्वे कारखाना एकोणिसाव्या शतकातला आहे, आणि रेल्वेच्या आधाराने वाढलेली ख्रिस्ती कुटुंबे या शहरात आहेत. नवरात्राच्या अखेरीस येथील कारखान्यांत आणि दुकानांत आयुधपूजा होते. यंत्रे धुऊन पुसून त्यांना फुले, कुंकू, भोपळा. ख्रिस्ती कामगाराने काय करावे? पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत ज्या प्रश्नाचा ऊहापोह केला तो याहून निराळा नव्हता. करिंथात देवळांना जोडून भोजनगृहे होती आणि व्यवसायबंधूंच्या मेजवान्या तेथे होत. पौल तीन प्रसंग वेगळे करतो. बाजारातले मांस चौकशी न करता घ्यावे (१०:२५). शेजाऱ्याने जेवावयास बोलाविले तर वाढलेले खावे. परंतु ‘हे नैवेद्याचे आहे’ असे कोणी मुद्दाम सांगितले तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नये (१०:२७-२९). आणि दैवताच्या मेजावर बसावयाचे नाही, कारण प्रभूचे मेज व ते मेज ही दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत (१०:२१).

हे आपल्याकडे लावून पाहावे. यंत्र धुणे, पुसणे, कारखाना झाडणे हे ख्रिस्ती मनुष्याने इतरांपेक्षा चांगले करावे. सहकाऱ्याने दिलेला पेढा सरळ खावा. दिवाळीत शेजारणीने आणून दिलेला फराळ परत पाठविणे हा धर्म नव्हे, उद्धटपणा होय. परंतु आरतीचे ताट हातात घेऊन ओवाळणे हे मेजावर बसणे आहे. तेथे नम्रपणे, कारण सांगून, बाजूस उभे राहावे. ज्याला वरिष्ठाबरोबर पदाच्या नात्याने हजर राहावेच लागते, त्याने नामानाची गोष्ट वाचावी. धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळात जाऊन वाकावे लागेल, याची त्याने आधीच क्षमा मागितली, आणि अलीशाने त्याला शांतीने जा असे सांगितले (२ राजे ५:१८-१९). अलीशाने परवानगी दिली असे आम्ही म्हणत नाही. त्याने त्याला झिडकारले नाही, एवढे मात्र खरे. नुकत्याच विश्वासात आलेल्या मनुष्याशी पाळकाने याहून कठोर असू नये.

सौंदत्तीची गोष्ट वेगळी. यल्लम्माच्या यात्रेस या भागातून व महाराष्ट्रातून लोटणारा जनसमुदाय पाहिला म्हणजे भाऊबंदांचा आग्रह किती जबर असेल याची कल्पना येते. परंतु नवस फेडणे ही पूजा आहे, आणि त्या स्थानाशी मुली सोडण्याची जी चाल जोडली गेली ती तर कर्नाटक शासनानेच १९८२ च्या कायद्याने निषिद्ध ठरविली. येथे संस्कृतीचा मान राखण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र ‘जाऊ नको’ एवढे सांगून धर्मशिक्षकाचे काम संपत नाही. आजारी मुलासाठी नवस बोलला गेला असेल, तर त्या मुलाच्या खाटेशी मंडळीतील कोणी बसले होते काय, हे आधी विचारावे.

हळदीविषयी आमचे मत पुष्कळांना पटणार नाही. हळद ही वनस्पती आहे; तिच्यात पाप नाही. पण विधीला बोलावल्या जातात त्या सुवासिनी, आणि घरातील विधवा काकू स्वयंपाकघरात राहते. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले ते हिंदू विधवांच्या दुःखाविषयी. त्यांच्या पुस्तकाला दीडशेहून अधिक वर्षे झाली, आणि आपल्या काही ख्रिस्ती घरांत अजून विधवेचा हात अशुभ मानला जातो. म्हणून आमची सूचना अशी की कुटुंबाला हळद हवी असेल तर पाळकाने हरकत घेऊ नये. एक अट घालावी, की पहिला हात घरातील विधवेचा लागेल. ती अट मान्य झाली तर हळद निव्वळ हळद आहे. झाली नाही, तर त्या हळदीत दुसरे काही आहे हे सर्वांना कळेल. कुंकवाला, मंगळसूत्राला आणि पांढऱ्या गाऊनलाही हीच कसोटी लावता येईल. राहुकाळ टाळून लग्नवेळ ठरविणाऱ्या आणि हुंड्याला ‘भेट’ म्हणणाऱ्या ख्रिस्ती घरांबद्दल येथे अधिक लिहीत नाही. तेथे कसोटीची गरजच नाही.

राहिला तो दाखल्याचा प्रश्न. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवण्यात आला. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना तो खुला झाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. गावात त्याला पूर्वीचेच नाव आणि पूर्वीचीच वागणूक मिळते, शिष्यवृत्ती मात्र जाते. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली हे बंधन काढण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमण्यात आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात निकाल दिला. ख्रिस्ती श्रद्धा आचरीत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही संविधानाची फसवणूक होय, असे न्यायालयाने म्हटले. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकात जी सामाजिक व शैक्षणिक पाहणी सुरू झाली, तिच्या जातींच्या यादीत अनेक जातिनामांना ‘ख्रिश्चन’ शब्द जोडलेला होता. त्यावर गदारोळ झाला आणि अशा नोंदी यादीतून बाजूस सारण्यात आल्या. ख्रिस्ती मनुष्याला जात असते हे कोणालाच उघड बोलावयाचे नव्हते. शासनाला नाही, विरोधकांना नाही, आणि खरे सांगावयाचे तर आपल्यालाही नाही.

या पार्श्वभूमीवर दोन नावे वापरणाऱ्या कुटुंबाकडे पाहावे. ते करतात ते योग्य आहे असे आम्ही म्हणत नाही. शपथेवर खोटे सांगणे हे खोटेच आहे, आणि आता त्यात न्यायालयीन धोकाही आहे. महाराष्ट्रात व कर्नाटकात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना मागासवर्गीयांच्या यादीत स्थान आहे; सवलती कमी मिळतात, पण खरे नाव सांगून मिळतात. ही माहिती कित्येक कुटुंबांपर्यंत पोचलेलीच नाही. तहसील कचेरीत त्यांच्याबरोबर जाणे हे धर्मशिक्षकाच्या कामाबाहेरचे समजू नये. मंडळीजवळ शिक्षणनिधी असेल तर त्यावर पहिला हक्क अशा मुलांचा असावा, ज्यांनी खरा दाखला काढून शिष्यवृत्ती गमावली.

परंतु प्रभुभोजन नाकारावे काय? येथे पाळकाने आपल्या मंडळीची विवाह-नोंदवही काढून समोर ठेवावी. गेल्या पन्नास वर्षांतील लग्ने वाचावी, आणि जातीबाहेर किती झाली ते मोजावे. ज्याने जात लपविली नाही, उलट जावई शोधताना ती उघडपणे पाहिली, त्या वडीलधाऱ्याला आपण पहिल्या बाकावर बसवितो आणि त्याच्या हाती दानपात्र देतो. ज्याने मुलाच्या फीसाठी दाखल्यावर जात लिहिली, त्याला मेजापासून दूर ठेवावयाचे? अकराव्या अध्यायात पौल करिंथकरांना प्रभूचे शरीर न ओळखता खाण्यापिण्याविषयी जो इशारा देतो, तो ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांना लाजविणाऱ्यांना दिलेला आहे (१ करिंथ. ११:२०-२९). शिस्त लावावयाची असेल तर ती त्या पहिल्या बाकापासून लावावी, आणि दाखल्याच्या प्रश्नाची चर्चा त्या कुटुंबाच्या घरी, दार लावून, चहाच्या कपाबरोबर व्हावी.